शिंपी पक्ष्याचे मंजूर छायाचित्र

शाळेच्या खिडकीबाहेर शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलं आणि विज्ञानाच्या बाईंनी त्याचा फोटो काढला. इथपर्यंत सारं नियमानुसार होतं. फोटोत टाका न् टाका दिसत होता. तो सगळ्या शाळांतल्या मुलांनी पाहावा, असं बाईंना मनापासून वाटलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

शिक्षण खात्याच्या संकेतस्थळाने फोटो नाकारला. कारण, 'आकार मर्यादेबाहेर.' बाईंनी तो लहान केला. पुन्हा नकार. आणखी लहान केला.

"अजून जडच आहे हो," संगणक कक्षातले भाऊसाहेब म्हणाले. "ते टाके काढून टाका ना."

"अहो, टाके दाखवायलाच तर फोटो आहे!"

"मग पक्षी काढा. काहीतरी एक काढावंच लागणार."

शेवटी एक हिरवा चौकोन उरला. तो मात्र झटक्यात मंजूर झाला. परीक्षण समितीने शेरा मारला, 'चित्रात आक्षेपार्ह असे काहीही आढळत नाही.' चित्रात काहीच आढळत नव्हतं, हे खरं. पण समितीला तसं कुणी विचारलं नव्हतं.

चौकोन शाळाशाळांत पोहोचला. परीक्षेत प्रश्न आला, 'शिंपी पक्ष्याचे वर्णन करा.' हुशार मुलांनी लिहिलं, 'हा पक्षी हिरवा असून त्यास चार समान बाजू असतात.' त्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. बाईंच्या वर्गात खिडकीशी बसणाऱ्या चष्मेवाल्या पोरीने मात्र चोच, शेपटी, पानांची शिवण असं काय काय लिहिलं, शून्य मिळवलं आणि तेवढ्यावरून नापास झाली. पोर रडून रडून बेजार. बाईंचं काळीज तुटलं. त्या तडक मोठ्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, तिनं तो पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय!"

"तिथंच तर चुकलं ना बाई," साहेब कळवळून म्हणाले. "परीक्षेआधी खरा पक्षी पाहणं म्हणजे पेपर फुटल्यासारखंच झालं. बरं, उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवा, फेरतपासणी करू. मर्यादेत पाठवा हं!"

बाई आता शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी फोटो लहान केला, मग आणखी लहान केला. अक्षरांच्या मुंग्या झाल्या, मुंग्यांचे ठिपके झाले, आणि मग नुसता राखाडी डाग राहिला. निकाल आला, 'उत्तरात एकही चूक आढळली नाही. पूर्ण गुण.'

पोरगी नाचत घरी गेली. बाईंनाही हसू आवरेना. मुलीने किती छान लिहिलंय ते सगळ्यांनी वाचावं, म्हणून त्यांनी उत्तरपत्रिका ओळखीपाळखीच्या समस्त मंडळींना पाठवली. गडबडीत गेला तो राखाडी डागच. चूक लक्षात येताच बाई ओशाळल्या आणि माफी मागायला बसल्या. पण तोवर उत्तरं यायला लागली होती.

'अप्रतिम! शब्द न् शब्द वाचला. डोळे पाणावले.'

हा सर्वांत आधी आलेला अभिप्राय तुमचा होता.