चारशे वीस बरण्या स्ट्यू

संकट हे सांगून येत नाही, म्हणून त्याची तयारी सांगून सवरून करावी लागते, हे ड्राय फोर्कमधल्या सर्व जबाबदार कुटुंबांचे मत होते. मोंटाना राज्यातल्या त्या लहानशा गावात आर्डिथ क्वामी या बाईंएवढी जबाबदार व्यक्ती दुसरी नव्हती. बाईंच्या तळघरात बीफ स्ट्यूच्या चारशे वीस बरण्या होत्या. वर्षवार, लेबल बाहेरच्या बाजूला, धूळ पुसलेली.

दर ऑक्टोबरला त्या घरी अर्धा बैल येई. बाई त्याचे इंच-इंचाचे तुकडे करीत, बटाटे, गाजर, कांदा घालीत, आणि ते सगळे उकळून काचेच्या बरण्यांत भरीत. वर एक इंच जागा मोकळी (सव्वा इंच नव्हे). मग सात-सात बरण्या प्रेशर कुकरसारख्या एका अवजड डब्यात, पंधरा पौंड दाबाखाली, नव्वद मिनिटे. त्या नव्वद मिनिटांत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. नंतर बरण्या टॉवेलवर मांडल्या की थंड होता होता एकेक झाकण 'टक्' करून आत बसे, म्हणजे बरणी हवाबंद. सात टक् ऐकू आले की बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही.

वर्षाला सत्तर बरण्या तयार होत. तळघरात चारशे वीसच मावत. त्यामुळे दर ऑक्टोबरला सर्वांत जुन्या सत्तर बरण्या उघडून गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतल्या जात आणि धुऊन पुन्हा भरल्या जात. या व्यवस्थेला बाई 'खेळती शिल्लक' म्हणत. तळघर भरायला सहा वर्षे लागली होती, त्यानंतर हे वीस वर्षे चालले होते. ड्राय फोर्कचे कोल्हे त्या भागात सर्वांत तुकतुकीत होते.

बाईंचा नवरा लाइल याने तो स्ट्यू कधीही खाल्लेला नव्हता. तो मागत नसे असे नाही. पण स्ट्यू 'वेळ आली की' खायचा होता, आणि वेळ आली आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे होता. आजवर पुढील प्रसंग विचारात घेऊन फेटाळण्यात आले होते: नदीला आलेला पूर (पूल शाबूत होता), गावातले एकमेव दुकान जळाले तो महिना (चाळीस मैलांवर दुसरे होते), लाइलचा पाय मोडला ते सहा आठवडे (दात शाबूत होते), आणि मुलीचे सासू-सासरे न कळवता आठ दिवस राहायला आले तो प्रसंग. हे संकट असल्याचे बाईंनी मान्य केले, पण प्रकार वेगळा आहे म्हणाल्या.

मग त्या फेब्रुवारीत बर्फाचे वादळ आले. वीज गेली, फोन गेला, रस्ता गेला. रस्ता मोकळा करायला आलेला सरकारी ट्रक क्वामींच्या दारासमोरच्या चरात कलंडला, आणि त्यातून मर्ल टोलेफसन नावाचा पन्नाशीचा, दोन माणसांएवढा चालक बाहेर पडून त्यांच्या घरी आश्रयाला आला. मर्ल स्वभावाने सभ्य होता. भुकेने मात्र तो सरकारी होता, म्हणजे कितीही घातले तरी कमीच.

पहिल्या दिवशी मॅकरोनी झाली. दुसऱ्या दिवशी मॅकरोनी झाली. तिसऱ्या दिवशी मॅकरोनी संपली. चौथ्या दिवशी प्रत्येकी सहा खारी बिस्किटे आणि एक चमचा शेंगदाण्याचे लोणी देण्यात आले. लाइलने विषय काढला. बाई म्हणाल्या की एवढ्यात घाबरून बरण्या उघडल्या आणि उद्या खरेच काही आले तर काय करायचे. मर्लने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर त्याचा ट्रक दिसत नव्हता, नुसता उंचवटा दिसत होता. तरी पाहुण्याने घरच्या बाबतीत बोलू नये म्हणून तो गप्प राहिला.

पाचव्या दिवशी दुपारी लाइल लाकडे आणायला तळघरात गेला. वर स्वयंपाकघरात बाईंना 'फस्स' असा आवाज आला. तो आवाज त्या झोपेतही ओळखतील असा होता. त्या खाली गेल्या. लाइल शेवटच्या पायरीवर बसला होता. मांडीवर बरणी, हातात चमचा.

बाईंनी विचारले, "कसा झालाय?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. लाइलला अडतीस वर्षांच्या संसाराचा अनुभव होता. योग्य उत्तर त्याला माहीत होते. पण पाच दिवसांच्या भुकेने माणूस खरे बोलतो.

"मीठ नाहीये," तो म्हणाला.

बाईंनी चमचा घेतला, चाखले. "थोडं कमी आहे."

"आर्डिथ, कमी नाहीये. नाहीये."

यात बाईंची चूक म्हणावी अशी नव्हती. ज्या सरकारी पुस्तिकेवरून त्या स्ट्यू करीत, तिच्यात वेळ, दाब, इंच सगळे आकड्यांत दिले होते. फक्त मिठापुढे 'आवडीनुसार' असे लिहिले होते, आणि ज्याला आकडा नाही ते बाई घालत नसत. करताना चाखून पाहिले असते तर कळले असते. पण चाखणे ही खाण्याची पहिली पायरी, असे त्या मानीत.

त्या नवऱ्याशेजारी पायरीवर बसल्या. समोर चारशे एकोणीस बरण्या होत्या.

"आमच्याकडे एका हिवाळ्यात नुसते बटाटे होते," त्या म्हणाल्या. "आई रोज म्हणायची, मला भूक नाही. मी सात वर्षांची होते. मला ते खरंच वाटायचं."

हे त्यांनी लाइलला कधी सांगितले नव्हते. लाइलने बरणीचे झाकण हातात फिरवले, खाली ठेवले.

"आता वर एक माणूस आहे, तो सकाळपासून हेच म्हणतोय," तो म्हणाला. "चल."

चार बरण्या वर आल्या. बाईंनी स्ट्यू पातेल्यात ओतून मोजून दहा मिनिटे उकळला आणि टेबलावर मिठाची बाटली ठेवली. ती ठेवताना त्यांचा हात किंचित थांबला, एवढे मर्लच्याही लक्षात आले. त्याने चार वाडगे खाल्ले. "झकास आहे, बाई," तो म्हणाला, आणि बाटली पुन्हा ओढून घेतली. रस्ता उघडेपर्यंत एकतीस बरण्या संपल्या. मीठ मात्र आधीच संपले होते.

मार्चमध्ये बाईंनी गावच्या सभागृहात, त्या शिकवीत त्या बरण्या भरण्याच्या वर्गात, हा सगळा प्रकार उभे राहून सांगितला. न रडता. मग विचारले की आपापला स्ट्यू कोणी कोणी चाखला आहे. उपस्थित चौदा बायका. त्यांच्या तळघरांत मिळून तीन हजार नऊशे बरण्या. वर आलेले हात शून्य. प्रत्येकीने एक बरणी 'योग्य प्रसंगी' उघडून पाहावी असा ठराव एकमताने झाला. योग्य प्रसंग ठरवण्यासाठी पाच जणींची समिती नेमण्यात आली. तिच्या सहा बैठका झाल्या आहेत.

क्वामींच्या घरी आता दर गुरुवारी स्ट्यू असतो. लाइलचे वजन वाढले आहे, कोल्ह्यांचे उतरले आहे.

वाचकांनी हसायला हरकत नाही. हसून झाल्यावर मात्र कृपया उठावे, कपाट उघडावे, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरी, लेकीने पाठवलेले न फोडलेले अत्तर, निवृत्तीनंतर वाचायची पुस्तके हे सगळे ज्या दिवसासाठी राखून ठेवले आहे, त्या दिवसाची तारीख ड्राय फोर्कच्या समितीला कळवावी. समितीला नमुन्यादाखल एकच तारीख हवी आहे. अद्याप कोणाकडूनही आलेली नाही.