नऊ पॉइंट पाचवरचे घोडे

नेल्स टॉलेफसनने आयुष्यात एकच चळवळ केली, आणि तीही घोड्यांसाठी.

आयोवातल्या त्याच्या गावात छपरावरच्या अँटेनाला चॅनेल नऊ तेवढं धड लागायचं. टीव्ही डिजिटल झाल्यापासून त्या एका नऊला पिल्लं झाली होती. नऊ पॉइंट एकवर बातम्या आणि मॅच, दोनवर हवामान, तीनवर स्वयंपाक, चारवर दिवसभर अंगठ्या विकणाऱ्या बाया. नेल्सला हवे होते जुने काउबॉयचे सिनेमे. एक पत्र टाकून बघू, असं त्याने ठरवलं. एकाची एकतीस झाली. (शेवटच्या सहांवर बायकोची, आर्डिसचीही सही होती. तिला वाटलं, पुलाच्या दुरुस्तीचा अर्ज आहे.)

ऑगस्टात स्टेशनवाले कंटाळून नमले. नऊ पॉइंट पाच सुरू झालं. चोवीस तास घोडे. नेल्स इतका खूश झाला, की त्याने न सांगता भांडी घासली. तिथेच आर्डिसला संशय यायला हवा होता.

पण आर्डिसचं चित्त दुसरीकडे होतं. काउंटीच्या जत्रेत गोधड्यांची स्पर्धा असते. तीत ती चार वर्षं दुसरी येत होती. पहिली दरवेळी मेबेल क्रूगर, आणि मेबेलला चौकोनाला चौकोन जोडण्यापलीकडे काही येत नाही. यंदा आर्डिसने एकात एक अडकवलेल्या गोल कड्यांची गोधडी शिवली होती. गोल शिवताना कापड पळतं, दाबलं तर चुण्या पडतात. दोन हिवाळे त्यात गेले. स्वयंपाकघराचा हिरवा पडदाही त्यात गेला. आणि यंदा निकाल परीक्षकांकडे नव्हता. नऊ पॉइंट एकवर थेट दाखवणार, लोकांनी घरून फोन करून मतं द्यायची.

"तू घरीच थांब," निघताना आर्डिस म्हणाली. "नंबर तिथे मांडवात देणार आहेत. माझ्या गोधडीला कोणता आलाय तो टीव्हीवर बघ आणि सगळ्यांना कळव. एवढंच काम आहे. आणि चष्मा लाव."

"चष्मा वाचायला असतो, टीव्हीला नाही."

"आणि डोकं कशाला असतं, तेही एकदा सांग मला," असं म्हणून ती गोधडी छातीशी धरून गेली.

चारला कार्यक्रम लागला. जत्रेत वारा सुटला होता. गोधड्या फडफडत होत्या, कॅमेरा त्यांच्यापुढून धावत होता, आणि चित्राचा पार भुगा होत होता. निवेदिकेच्या नाकाच्या जागी एक चौकोन, हनुवटीच्या जागी दोन. आर्डिसचीच काय, मांडवातली प्रत्येक गोधडी मेबेलने शिवल्यासारखी दिसत होती.

नेल्सने स्टेशनला फोन लावला. "अहो, तुमचं चित्र फुटतंय!"

"फुटणारच," पलीकडचा इंजिनिअर म्हणाला. "नळ एक आणि तोट्या पाच. पाणी कुठून पुरणार? कोणा येड्याने एकतीस पत्रं पाठवली, त्याला घोडे हवे होते. नाव सांगा, तक्रार लिहून घेतो."

"क्रूगर," नेल्स म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एवढ्यात पडद्यावर हिरवं काहीतरी सरकलं. स्वयंपाकघरातला पडदा! खाली इंग्रजी आकड्यात नंबरही होता. नेल्सने डोळे बारीक केले. एकावर एक दोन गोल. आठ! मग त्याने गाव हलवलं. चर्चमधल्या बायका, न्हावी, दाताचा डॉक्टर, सगळ्यांना सांगितलं, "आर्डिसचा आठ आहे, आठला द्या!" शेवटी मेहुण्याला, ह्यालमारला फोन केला.

"मला तर तीन दिसतोय," ह्यालमार म्हणाला.

"तुझा टीव्ही जुना झालाय."

"तुझ्याबरोबरच घेतला होता रे."

"वाद घालू नकोस. बहीण तुझी आहे. आठ!"

साडेपाचला आर्डिस घरी आली. तिने गोधडी टेबलावर ठेवली, शेजारी दुसऱ्या बक्षिसाची फीत ठेवली.

"नऊ मतांनी गेलं," ती म्हणाली. "आठ नंबर कोणाचा होता, माहितीये?"

नेल्सला माहीत नव्हतं. पण अंदाज आला.

"मेबेलचा. न्हावी मला म्हणतो, अभिनंदन, मी तुलाच दिलं. डॉक्टर तेच म्हणतो. माझा सख्खा भाऊ तेच म्हणतो!"

"चित्र फुटत होतं गं! त्या नऊ पॉइंट पाचने सगळं पाणी ओढलं, आणि…" नेल्स थांबला. उशिरा थांबला.

"नऊ पॉइंट पाचचा काय संबंध?"

मग एकतीसच्या एकतीस पत्रं बाहेर आली.

"म्हणजे तो पूल…"

"पूल नव्हता," नेल्स म्हणाला.

मग त्याने गोधडीतल्या एका कड्यावरून बोट फिरवलं. जिथून निघालं तिथेच ते अलगद परत आलं. कुठे चुणी नाही, कुठे गाठ नाही.

"गोल आहे गं," तो हळूच म्हणाला.

"आहे ना? तुला बोट लावून कळलं." तिचा आवाज जरा मऊ झाला होता. जरासाच.

दुसऱ्या दिवशी तिने स्टेशनला फोन केला. तोच इंजिनिअर होता. "हलतं ते फुटतं, बाई," तो म्हणाला. "गोधड्या हलत होत्या. नंबर आम्ही पडद्यावर वेगळा लिहिला होता. तो जागचा हलला नाही, आरशासारखा स्वच्छ होता. आणि त्या घोड्यांवर तक्रार आलीच आहे, बंद करतोय." महिन्याभरात घोडे गेले, चित्र सुधारलं, आणि स्टेशनने जाहीर आभार मानले ते क्रूगर यांचे. मेबेलला अजून कळलेलं नाही, की कशाबद्दल.

नाताळात आर्डिसने टीव्हीवर टाकायला एक छोटी गोधडी शिवली. सगळे चौकोन, पण जरा लांबून बघितलं तर घोडा आणि वर काउबॉय. कोपऱ्यात तिने लाल कापडाचा वीतभर आकडा लावला होता.

नेल्स खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"सुंदर झालीय," तो म्हणाला. "पण आर्डिस, माफ केलंस म्हणतेस, आणि वर आठ कशाला लावलास?"

आर्डिस उठली, आणि त्याचा चष्मा शोधायला गेली.