हवालदारांची गोळी

"आवं, चांगल्या भिंतीला भोक कशापायी पाडताय?" बायडाबाईंनी विचारलं.

"उबंला वाट," पहार घालता घालता राजाराम म्हणाले. "औंदा थंडी म्हंजे काय, ती तुला कळायची न्हाई."

पलटणीतून हवालदार म्हणून सुटून राजाराम मेढ्याला आले, त्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. त्यांची सगळी नोकरी बर्फात गेली आणि बायडाबाईंचे सगळे दिवस वाट बघण्यात. मेढ्याची थंडी हाडात शिरणारी. सहा डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन झालं, की बायडाबाई दरसाल सांगलीला लेकीकडे, दीपमालाकडे जात, आणि उन्हं तापली की परतत. तिकडे चौकीवर बुखारीपुढे हात शेकताना राजारामांना ते आठवे आणि घास गोड लागत नसे. आपण बर्फात ऊब खातोय, आणि आपलं माणूस थंडीपायी स्वतःचं घर सोडून चाललंय. यंदा ती घरात राहिली पाहिजे, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. तसं तिला सांगितलं मात्र नाही. फौजेत माणसाला काम करून दाखवायची सवय लागते, बोलून दाखवायची राहत नाही.

बुखारी म्हणजे पत्र्याची उभी, बंद शेगडी. राजारामांचा पलटणीतला सोबती अर्जुना आता कोरेगावला गुरांच्या पेंडीच्या कारखान्यात होता. तिथल्या एका जुन्या मशिनवर गुरांना घालायची गोळी पेंड काढणं बंद करून उसाच्या चिपाडाचा आणि शेंगांच्या टरफलांचा भुसा दाबून बोटाएवढ्या गोळ्या काढत, बॉयलरखाली जाळायला. त्या गोळ्यांवर चालेल अशी बुखारी अर्जुनाने बनवून दिली. वरच्या डब्यात गोळ्या ओतल्या, की त्या आपल्या आपण थोड्या थोड्या विस्तवावर पडत. पुढची अक्कल राजारामांची. त्यांनी धुराची नळी सरळ बाहेर न काढता माजघरातून स्वयंपाकघरात, तिथून पडवीत, पडवीतून न्हाणीत अशी सगळ्या घरभर फिरवली आणि मग छपरातून वर काढली. फटीबिटी गोणपाटाने बुजवल्या.

शेजारच्या रंगुबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "हवालदार, ह्ये घर हाय का गुऱ्हाळ?"

"वैनी, एक शेगडी आन् सगळं घर गरम. ह्यात निस्त्या गोळ्या घालायच्या."

"आगं बया! पेन्शनीत आल्यावर कुणाला गोळ्या घालताय?"

पण बुखारी पेटली आणि रंगुबाईंचं तोंड मिटलं. दाराबाहेर कुडकुडवणारी थंडी आणि आत चैत्र. शिशीतलं गोठलेलं खोबरेल आपोआप पातळ झालं. विरजण लावलं तर सकाळी दही आंबट ढाण. बायडाबाईंनी शाल काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "बरं हाय." राजारामांनी ते 'बरं हाय' मेडलसारखं छातीवर लावून घेतलं.

सहा डिसेंबर येऊन गेला. बायडाबाईंनी सांगलीचं नाव काढलं नाही. राजारामांनीही विचारलं नाही. विचारलं आणि 'जाते' म्हणाली तर? त्यापेक्षा आणखी गोळ्या मागवाव्यात, हे बरं.

बायडाबाई दर पौर्णिमेला अष्टशील पाळत. दुपारनंतर अन्न घेत नसत. आळीतल्या इतर उपासिकाही त्यांच्याबरोबर पाळत आणि संध्याकाळी वंदनेला एकत्र बसत. या पौर्णिमेला सगळ्यांनी ठरवलं, वंदना बायडाबाईंच्या घरी. ऊब तरी मिळेल. राजाराम हरखले. शिल्लक गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून अर्जुनाला निरोप गेला आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोरेगावचा टेंपो आळीच्या तोंडाशी उभा राहिला.

आता घोटाळा असा, की त्याच टेंपोत मेढ्याच्या दूध सोसायटीची गोळी पेंडही होती. पोती तशीच, आतला माल तसाच तपकिरी, बोटाएवढा. ड्रायव्हर खाली न उतरताच ओरडला, "गोळी कुनाची हाय?"

ज्या माणसाने उभा जन्म गोळी हा शब्द ऐकताच पाऊल पुढे टाकलं, तो काय मागे राहणार?

"गोळी माझी! उतरव!" राजाराम म्हणाले.

गोळी पेंड त्यांच्या पडवीत उतरली. उरलेली पोती सोसायटीचे सेक्रेटरी दादासो यांनी निमूटपणे उतरवून घेतली आणि पौर्णिमेच्या सकाळी घरोघर वाटली. गावातल्या म्हशींनी घमेल्यात तोंड घातलं, हुंगलं, मालकिणीकडे एकदा दुखावल्या नजरेनं पाहिलं आणि उपाशीच चरायला गेल्या.

संध्याकाळी राजारामांनी नवं पोतं फोडून डबा गळ्यापर्यंत भरला. थोड्या वेळात बायडाबाई नाक वर करून म्हणाल्या, "आवं, शेंगपेंड भाजल्यावानी वास येतोय."

"टरफलाचा असंल. नवा माल हाय."

"गुळाचाबी येतोय की."

"चिपाड उसाचंच असतंय न्हवं?" राजारामांना स्वतःला ते पटलं नव्हतं. पण पाहुण्या दारात आल्या होत्या. अशा वेळी शेगडी विझवणं म्हणजे माघार.

पांढरी लुगडी नेसलेल्या बाया ओळीने बसल्या. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. नळी घरभर फिरवलेली असल्यामुळे भाजक्या शेंगांचा आणि मळीचा खमंग वासही घरभर फिरला. दुपारपासून पोटात अन्न नसलेल्या त्या माउल्यांची काय परीक्षा झाली असेल! एकीचा आवाज मध्येच अडखळला, दुसरीने आवंढा गिळला. बायडाबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

तोच वास धुराड्यातून आळीभर गेला. आणि ती वेळ गुरं घरी यायची.

आधी रंगुबाईंची म्हैस थबकली. सकाळपासून पेंडीला मुकलेल्या जिवाने नाक वर केलं, वळली आणि थेट राजारामांच्या दारातून आत आली. तिच्यामागे दुसरी, तिसरी.

"हाल्ट!" राजाराम गरजले.

म्हशी फौजेतल्या नव्हत्या. पुढचीने मान वळवली, तिचं शिंग नळीत अडकलं, तिने हिसडा दिला. एक सांधा सुटला तशी पुढचे सगळे सुटले; माजघरातला, स्वयंपाकघरातला, पडवीतला. जिथं जिथं ऊब गेली होती, तिथं तिथं आता तेलकट काळा धूर गेला. बाया खोकत, एकमेकींना हात देत बाहेर पडल्या. पांढऱ्या लुगड्यांकडे बघवत नव्हतं.

रंगुबाईंनी पदराने डोळे पुसले, पडवीतल्या पोत्यात हात घातला आणि मूठभर गोळ्या राजारामांच्या नाकापुढे धरल्या. "हवालदार, माझी म्हस उपाशी आन् तुमची शेगडी पेंड खातीया व्हय?"

तेवढ्यात दादासो घमेलं घेऊन आले. "आवं हवालदार, सकाळधरनं लोक शिव्या देत्यात मला. ह्यो भुसा म्हसरं खात्यात का सांगा!"

बायडाबाई रागाचा शब्द बोलल्या नाहीत. त्या ओट्यावर बसून खोकत होत्या. बोलल्या असत्या तर राजारामांना सोपं गेलं असतं.

खोकला थांबेना. डॉक्टरांनी तपासलं आणि घरही पाहिलं. भिंती, गोधड्या, कपडे, सगळ्यांत तो तेलकट वास मुरला होता. "दारंखिडक्या सताड उघडी टाका," ते म्हणाले. "वास जाईपर्यंत बाईंना या घरात ठेवू नका. उन्हं तापेस्तोवर तरी नाहीच."

म्हणजे सांगलीच.

साताऱ्याच्या एस.टी.त राजारामांनी पिशवी वर ठेवली, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. "जा. दीपमालाकडं ऊब असती. दरसाल त्यापायीच जातीस."

"कोन म्हनलं?" बायडाबाईंनी खोकला आवरला. "थंडीला काय, गोधडी हुती की. तुमी नसायचा. संध्याकाळी घर खायला उठायचं, म्हनून जात हुते."

राजारामांनी खिडकीचा गज धरला.

"औंदा तुमी हुता. औंदा मी जानारच नव्हते."

"मग आदी बोलायचं न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा? तुमी पाइप मोजत हुता."

कंडक्टरने घंटी मारली. राजाराम गाडीबरोबर चार पावलं चालले. "मीबी येतो! म्होरच्या गाडीनं येतो!"

"आन् सताड उघडं घर कोन राखंल?" बायडाबाई म्हणाल्या, आणि गाडी वळली.

राजाराम घरी आले. डोंगरावरचा वारा एका दाराने आत शिरत होता, सगळ्या खोल्या फिरून दुसऱ्याने बाहेर पडत होता. त्यांनी पलटणीतला जाड कोट काढून अंगात घातला, स्टूल उंबऱ्याशी ओढलं आणि बसले.

म्हैस घेऊन जाताना रंगुबाई क्षणभर थांबल्या. त्यांना चिडवायचं होतं, पण आवाज मऊच आला. "काय हवालदार, परत ड्यूटी?"

"व्हय," राजाराम म्हणाले, आणि त्यांनी कोटाची कॉलर वर केली.