छप्पर सोडून सर्व काही

नावुनीकाऊ गावच्या आरोग्य केंद्राचं छप्पर वादळात उडून समुद्रात गेलं, ही बाब सर्व संबंधितांना मान्य होती. गावाला मान्य होती, राजधानी सुवातल्या आरोग्य खात्याच्या मुख्य कार्यालयाला मान्य होती, आणि बाळंतपणाच्या खाटेवर पडून थेट आभाळ बघणाऱ्या बायकांना तर अमान्य करायची सोयच नव्हती. त्यामुळे केंद्राच्या सुईणीची, म्हणजे उनाइसीची, अशी समजूत झाली की आता छपराचे पत्रे येतील. इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला ही समजूत शोभत नव्हती.

तिला घाई होती ती केलेराची. केलेराचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला तिचा रक्तस्राव थांबता थांबेना, पोरगी मरणाच्या दारातून परत आली होती. या वेळी खाट हवी, सलाइन हवं, आणि वरून कोरडं हवं. मोठ्या बेटावरच्या इस्पितळात होडीने जाता आलं असतं, पण वादळापासून समुद्र कुणाचं ऐकत नव्हता, आणि दुपार झाली की पाऊस ठरलेला.

समुद्र साहेबलोकांचं मात्र ऐकत असावा, कारण मदतपथकं येऊ लागली.

फिजीत पाहुणा यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन येतो आणि गावप्रमुखापुढे ठेवतो. मग ती मुळं कुटतात, पाण्यात कालवतात, करवंटीतून सगळे पितात, ओंजळीच्या टाळ्या वाजतात. एकदा ती करवंटी रिकामी झाली की पाहुणा घरचा होतो, आणि घरच्याला तोंडावर ‘नको’ म्हणायचं नसतं. गावप्रमुख इनोके या बाबतीत फार कडक होता. त्याचं स्वतःचं घर उडालं होतं, पण रीत जागच्या जागी होती.

पहिल्या पथकाच्या मॅडमनी करवंटी रिकामी केली आणि विचारलं, “हात धुण्याच्या प्रशिक्षणाचा तुम्हाला उपयोग होईल का?”

इनोकेने टाळी वाजवली. “फार उपयोग होईल.”

झालं. प्रशिक्षण आलं. केंद्राची टाकी छपरावरून ओघळणाऱ्या पाण्यावर भरायची. छप्पर नाही म्हणून टाकी कोरडी, म्हणून हात धुण्याचा अभिनय करावा लागला. गावाने तो मन लावून केला. जाताना पथकाने नारळाच्या झाडाला एक भलामोठा बॅनर बांधला: ‘स्वच्छ हात, सुरक्षित माता’.

दुसरं पथक पोषणाचं होतं. पाहुण्यांना उपाशी कसं धाडणार? वादळातून एक कोंबडी वाचली होती. केलेराला बाळंतपणानंतर रस्सा पाजायचा म्हणून उनाइसीने ती राखली होती. बाळंतिणीने मांसाहार करावा, हे पथकाने त्याच कोंबडीच्या तंगड्या चोखत समजावून सांगितलं. या माहितीचा उपयोग होईल का, असंही विचारलं.

“फार उपयोग होईल,” इनोके म्हणाला.

पथक गेलं. त्यांचाही बॅनर राहिला. उनाइसी तावातावाने इनोकेच्या तंबूत शिरली. तो तिचा मामेभाऊ. मामे-आत्येभावंडांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवावी, ही तिथली दुसरी रीत, आणि ती उनाइसी निष्ठेने पाळायची.

“इनोके, उद्या कुणी येऊन विचारलं, की तुझं डोकं काढून नेलं तर उपयोग होईल का, तर काय म्हणशील?”

“पाहुणा असेल तर हो म्हणेन.”

“म्हण बाबा. नेणाऱ्याला वजन नाही लागणार.”

“अगं, माणसं एवढा समुद्र ओलांडून येतात. त्यांना तोंडावर नाही म्हणू?”

“केलेराला काय सांगू मग? पावसात भिजत बाळंत हो, रीत सांभाळायची आहे?”

केलेरा इनोकेच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. “पुढच्या वेळी तू बोल,” तो म्हणाला.

उनाइसी बोलली. तिसऱ्या पथकाने गरोदर मातांसाठी रंगीत तक्ते देऊ केले, तेव्हा सगळ्या गावासमोर ती म्हणाली, “नको. आम्हाला पत्रे आणि खिळे द्या.” म्हातारे खाली बघू लागले. पाहुणे मात्र हेलावले. त्यांनी आपसात इंग्रजीत चर्चा केली आणि निष्कर्ष काढला: मदत नाकारणं हे खोल मानसिक आघाताचं लक्षण आहे. पुढच्याच आठवड्यात समुपदेशन पथक हजर झालं. त्यांनी सर्वांत मोठा बॅनर आणला होता, आणि फुगे.

दीर्घ श्वास घ्यायचा, मनातलं दुःख फुग्यात भरायचं आणि तो सोडून द्यायचा, अशी ती पद्धत होती. गाव ओळीने फुगे फुगवत बसलं असताना केलेराने आपला फुगा खाली ठेवला.

“मावशी, कळा सुरू झाल्या.”

उनाइसीने आभाळाकडे पाहिलं. ढग डोंगरावरून उतरत होते. मग तिने नारळांच्या रांगेकडे पाहिलं. प्रत्येक झाडावर एकेक बॅनर फडफडत होता. जाड प्लॅस्टिक, कडेला लोखंडी कड्या, पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा उत्तम माल. या गावात वादळानंतर आलेली ही एकमेव उपयोगाची वस्तू होती, आणि तिच्याबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं.

“काढा ते सगळे,” ती म्हणाली.

पुरुष झाडांवर चढले. चटया विणणाऱ्या बायकांनी मासेमारीच्या दोरीने बॅनर एकमेकांना शिवले. इनोके स्वतः भिंतीवर चढून उरलेल्या वाशांना गाठी मारत होता. पहिली सर आली तेव्हा केलेरा खाटेवर होती आणि पाणी केवळ एका कोपऱ्यात, बॅनरवरच्या हसऱ्या मातेच्या हनुवटीवरून, ठिबकत होतं.

“मावशी,” केलेरा दोन कळांच्या मधे धापा टाकत म्हणाली, “वर लिहिलंय, स्वच्छ हात, सुरक्षित माता. हात धुतलेस का?”

“गप बस आणि जोर लाव.”

मुलगी झाली. मागोमाग रक्तही आलं, पहिल्या खेपेसारखंच. उनाइसीने सुई दिली, पोट दाबून धरलं आणि मनातल्या मनात येतील त्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या. रक्त थांबलं. मग ती दाराबाहेर जाऊन इनोकेसमोर लहान पोरीसारखी रडली, आणि या खेपेला त्याने तिची टर उडवली नाही.

समुपदेशन पथकाने त्या छपराचे सर्व बाजूंनी फोटो काढले. ‘समाजाने स्वबळावर उभारलेला निवारा’ हा फोटो जगभर फिरला, लोकांना गहिवरून आलं. मुख्य कार्यालयानेही तो पाहिला. नावुनीकाऊसाठी मंजूर झालेले पत्रे तेव्हा नुकतेच होडीत चढवले होते, ते उतरवण्यात आले. ज्या केंद्राला छप्पर आहे त्याला छप्पर देणं नियमात बसत नव्हतं.

ही बातमी द्यायला मुख्य कार्यालयातले एक वयस्कर साहेब मुद्दाम आले. तोवर वाऱ्याने बॅनरला दोन ठिकाणी चीर पडली होती, आणि आणखी दोन बायकांचे दिवस भरत आले होते. उनाइसीने ‘नाही’ हा शब्द दोन दिवस घोटून ठेवला होता. पण साहेबांना वाटभर होडी लागली होती. ओकून ओकून पांढरे पडलेले ते गृहस्थ कसेबसे उतरले, मुळांची जुडी दोन्ही हातांनी पुढे ठेवली आणि करवंटी थेंबही न सांडता प्यायले.

“बाई, आमच्या कामाचा उपयोग झाला ना?” त्यांनी काकुळतीने विचारलं.

इनोके तिच्याकडे बघत होता. “हं, सांग की आता,” तो पुटपुटला.

उनाइसीने ओंजळीची टाळी वाजवली. “फार उपयोग झाला,” ती म्हणाली.

इथवर वाचून तुमचा जीव हळहळला असेल, तर कधीतरी नावुनीकाऊला जरूर जा. जुडी न्यायला विसरू नका. उनाइसी तुम्हाला चटईवर बसवील, करवंटी देईल. आपल्याला किती वाईट वाटलं ते तिला सविस्तर सांगा, आणि त्याचा काही उपयोग झाला का, तेही विचारा.