सुनेचा प्रयोग कालवणात

दुपारची पंगत उठली आणि भांडी आवरताना सीताबाईंच्या ध्यानात आलं, की घरातले कांदे कालच संपले होते.

"अवो, मघाशी मला कांदे कुठले आणून दिलेत?"

"खिडकीतले," नवरा हिरामण सुपारी कातरत म्हणाला. "पेल्यांवर बसवून ठेवलेले चार. गिऱ्हाईकं जेवायला थांबली, तू ओरडत होतीस, मी दिले."

सीताबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. पेणजवळच्या जोह्यातल्या त्यांच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात रोह्याहून गिऱ्हाईकं आली होती, आणि ती सुनेचा प्रयोग सुकटीच्या कालवणात घालून खाऊन गेली होती!

सून मनस्वी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दोन कांदे साध्या पाण्यावर, दोन मिठाच्या. मुळं फुटली, की त्यांच्या टोकाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि मिठामुळे पेशींचं विभाजन मंदावतं का ते तपासायचं. पुढच्या शनिवारी शाळेत प्रदर्शन होतं. ती दहा दिवस प्रशिक्षणाला गेली होती आणि जाताना सासूला एवढंच म्हणाली होती, "आई, तेवढ्या कांद्यांकडे लक्ष ठेवा."

हिरामणनं धावत जाऊन किलोभर कांदे आणले. पण दुसऱ्या दिवशीही एकाला मूळ नाही. "कांदा तो कांदा, फुटंल," तो म्हणाला. सीताबाईंना असं बसवेना. त्यांनी घरातले होते नव्हते ते पेले मांडले आणि रंगाच्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीनं लिहायला घेतलं: 'पयला, तसाच ठेवला, पानी तेवढं बदललं, कायच नाय. दुसरा, बुडाची सुकी साल खरवडली, पांढरी टोकं दिसली. तिसरा, खरवडला पन पानी बदललं नाय, कुजला, घान वास.' मग दुसऱ्यासारखेच आणखी पाच केले, दुसऱ्याचं नुसतं नशीब तर नव्हतं ना, हे बघायला. पाचही फुटले.

त्यातले चार उत्तम कांदे त्यांनी सुनेच्या पेल्यांवर बसवले. मिठाच्या पेल्यांत मीठ मात्र घातलं नाही. खाऱ्या पाण्यात मुळं मरतात, हे खाडीकाठच्या खारेपाटात जन्मलेल्या बाईला पुस्तकानं सांगावं लागत नाही. मुळं मेली तर चोरी उघडी पडणार!

शुक्रवारी मनस्वी परतली. मिठाच्या पेल्यातली दाट मुळं बघून तिनं टाळ्याच वाजवल्या. सीताबाई चहा टाकायला म्हणून आत सटकल्या.

शनिवारी शाळेत गर्दी जमली. परीक्षक होते रोह्याचे निवृत्त प्राध्यापक नथानियल सर. मिठातल्या मुळांच्या पेशीही साध्या पाण्यातल्यांइतक्याच जोमानं विभागताना दिसत होत्या. मुख्याध्यापकांनी तर माइकच घेतला, "आपल्या खारेपाटाचा प्रश्न सुटला!"

मागून सीताबाईंचा भाऊ हरेश उठला. त्याच्या शेतात बांध फुटून खाडीचं पाणी शिरलं होतं. "मग यंदा मी त्या शेतात कांदाच लावतो. बियाणं आजच उचलतो."

सीताबाईंनी मांडीवरची पिशवी उचलली. त्या उभ्या राहिल्या.

"हरेश, बस खाली. त्या पेल्यात मीठ नाय. सुनेचे कांदे आमी खाल्ले. हे दुसरे हायत."

सगळं सभागृह हसलं. मनस्वीचा चेहरा पडला. "आई, मला सांगायचं तरी!"

"भ्याले गो. पन लिवलंय सगळं." त्यांनी पिशवीतून झाकण काढलं.

नथानियल सरांनी चष्मा पुसून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. हसू थांबलं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलली. जमलं ते पुन्हा करून पाहिलं. कुजलेला कांदाही लपवला नाही," ते हळूच म्हणाले. "आणि निष्कर्ष चुकतोय म्हटल्यावर चारचौघांत उठून सांगितलं. सीताबाई, हे कुठं शिकलात?"

"शिकले नाय ओ. सुनेच्या धाकानं झालं."

आता मनस्वीही हसली. तिनं सासूला हात धरून सूक्ष्मदर्शकाशी नेलं. सीताबाईंनी एक डोळा मिटला. एका पेशीच्या मधोमध गुलाबी रंगवलेले धागे दोन्हीकडे ओढलेले होते, एकीच्या दोन होता होता थांबल्यासारख्या. मग डोळा बदलून पुन्हा बघितलं.

"ह्ये आपल्या कांद्यात चाललंय?"

"सगळ्यांत चालतं, आई. तुमच्यात, माझ्यात."

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. मुख्याध्यापकांनी मात्र घसा साफ करून विचारलं, "बाई, सोमवारी नववीच्या वर्गावर प्रयोगाची नोंद कशी ठेवायची ते सांगायला याल का?"

"सोमवारी नाय जमायचं, मूर्तींचा रंग हाय," सीताबाई म्हणाल्या. "मंगळवारी येते. पन पोरांना सांगून ठेवा, कांदे घरून आणा म्हनावं, नि आणताना आयेला विचारा."