मामावर आलेला दात

विश्वजीत असलं काही मानत नव्हता. बीएस्सी झालेला, मलकापूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला. बाळाला वरचा दात आधी आला की मामाला जड जातं, ही समजूत त्यानं कॉलेजातच मोडीत काढली होती. म्हणून लोणंदहून थोरल्या बहिणीचा, सृष्टीचा फोन आला, तेव्हा तो मोठ्यानं हसला.

"विश्वा, शंभूराजची वरची हिरडी लय सुजलीया. सासूबाई म्हनत्यात, मामानं जपून ऱ्हावं."

"ताई, दात काय मामाला विचारून येतोय व्हय?"

हसून झाल्यावर त्याला आठवलं, की परवा आपला साखरपुडा आहे. (पाच ठिकाणी पोहे खाल्ल्यावर कुठं हे एक स्थळ जमलं होतं.) भाच्याला सहज भेटून यावं, असं त्यानं ठरवलं. सहज म्हणजे मिळेल त्या एसटीनं, अर्धी वाट उभ्यानं.

लोणंदला शंभूराज लाळ गाळत खुळखुळा, आईचा पदर, आजोबांच्या चष्म्याची दांडी, सगळं चावत आणि मधूनमधून भोकाड पसरत होता. सृष्टीच्या सासूबाई, शालूबाई, म्हणाल्या नजर लागली. शेजारच्या चंद्राबाई म्हणाल्या उन्हाळा बाधला. डॉक्टरांनी तेवढं, "गार ओलं फडकं चावायला द्या, दात यायचा तेव्हा येईल," असं सांगितलं होतं. करण्यासारखं फार काही नसल्यानं हा सल्ला कुणालाच पसंत नव्हता.

विश्वजीतनं परसात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. "एका मित्राचा प्रश्न आहे. खालचा दात आधी आणायला काही औषध असतं का?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मग त्यानं स्वतःच उपचार हाती घेतला. वरच्या हिरडीकडे ढुंकूनही न बघता खालची तेवढी चोळायची, म्हणजे दात तिकडून निघेल, असा त्याचा शास्त्रीय हिशोब. हात धुऊन त्यानं गार फडकं बोटाला गुंडाळलं.

"आवं पाव्हणं, त्या बोटानं न्हवं," शालूबाई कडाडल्या. "बाळाच्या तोंडात अनामिकाच घालायची. आमच्यात तसंच हाय."

विश्वजीतनं बोट बदललं. दोनदा चोळलं असेल-नसेल, तोच शंभूराजनं कचकन चावा घेतला.

"आई गं! ताई, दात! खालचा आलाय!"

सगळं घर चार दिवस वरच्या हिरडीकडे बघत बसलं होतं आणि दात गुपचूप खालून आला होता. विश्वजीतला इतका आनंद झाला, की त्यानं हात उंच उडवला. तो थेट पाळण्याच्या लोखंडी दांडीवर आदळला.

साखरपुड्याला सोनमनं अंगठी घालायला घेतली, तेव्हा अनामिका वांग्यासारखी टम्म फुगलेली. तेल झालं, साबण झाला. मांडवातल्या प्रत्येकानं एकेक उपाय सुचवला. शेवटी अंगठी करंगळीत गेली आणि तिथं सैल झाली, म्हणून तिला दोरा गुंडाळला. सोनम हसू दाबत राहिली आणि फोटोग्राफरनं दोरा दिसेल असाच फोटो काढला.

पुढच्या रांगेतून शालूबाई समाधानानं म्हणाल्या, "दात खालचा आला म्हनून करंगळीवर भागलं. वरचा आला आस्ता, तर पोरगीच उठून गेली आस्ती."

आणि असलं काही न मानणारा विश्वजीत वाकून त्यांच्या पाया पडला.