सावलीच्या गडाची पारख

बुद्धिदात्या गजाननाचे पायी मस्तक ठेवोन, ऐकणारांस आयुरारोग्य आणि खेळणारांस धीर चिंतोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिक मासापासोन एका राज्यात जे वर्तले ते यथामति सांगितले असे.

त्या राज्याचे महाराज खेळांचे मोठे शौकी. काचेच्या पडद्यावर बटणे दाबोन खेळावयाचे जे व्हिडिओ गेम, त्यांचा वेगळा दरबारच भरे, आणि मार्गशीर्षातील जत्रेत नवा खेळ रयतेपुढे मांडणे जाहले तर आधी सरकारी पारखी तो खेळोन गुणदोष सांगे, मग शिक्का होई. पारखी होते विसोपंत कडुसकर. नजर घारीची, बुद्धी तल्लख. परंतु पूर्वी त्यांनी स्वतः एक खेळ रचिला होता, तो जत्रेत मांडिला तेव्हा लोक जांभया देत उठोन गेले, आणि तो सल पोटात राहिला तो राहिलाच. त्या दिवसांत ज्यांच्याशेजारी एका मेजावर बसोन ही विद्या शिकले, त्या मैनाबाई शेलूकर या साली आपला खेळ घेवोन दरबारी आल्या. खेळाचे नाव सावलीचा गड. महाराज बोलिले, “पंत, नीट पाहा. यंदा आईसाहेब स्वहस्ते जत्रेत खेळणार आहेत. खेळ कसोटीस उतरला तर मैनाबाईंस दरबारच्या मुख्य खेळकर्त्या नेमू.” ती जागा विसोपंतांनी मनोमन आपली धरिली होती. ते मुजरा करोन हसले आणि आतून कोळसा जाहले.

मग घरी येवोन खेळ लाविला, तो चुका काढावयाच्या म्हणोनच लाविला. पडद्यावर एक चिमुकली पोर, हाती दिवा. ती धावे, उड्या मारी, आणि दिवा भुईवर ठेविला की तिची सावली भिंतीवर पडे व पडताच दगडासारखी घट्ट होई. मग त्या सावलीवरच पाय देवोन पोरीने वर चढावे. कोठे एक अक्षर लिहिलेले नाही, कोणी शिकवीत नाही, तरी पहिला गड, म्हणजे खेळाचा पहिला टप्पा, सरतो न सरतो तोच सारे उमगोन आले. दुसऱ्या गडी दिवा दूर ठेविला तर सावली लांबे आणि दरीवर पूल होई. तिसऱ्या गडी दिवे दोन आणि सावल्याही दोन. पोर पडली तर खेळ रागे भरत नसे, पडली तेथेच मुकाट्याने पुन्हा उभी करी. एके ठिकाणी पंत पुष्कळ वेळ अडले, मिशा चावल्या, आणि मग दिवा जमिनीवर न ठेवता हलत्या पाळण्यात ठेविला, तो सावली हलो लागली व पोर तिच्यावर बसोन पार जाहली. पंत एकदम ओरडले, “वाहवा! शाबास!” त्यांचे कुटुंब सुंदराबाई भाकरी टाकोन आल्या आणि पुसो लागल्या, “काय हो, काय जाहले?” पंत गाल धरोन बोलिले, “काही नाही, दाढ ठणकते.” बाई म्हणाल्या, “दाढ ठणकल्यावर कोणी शाबास म्हणते का?” आणि गेल्या. पंतांस आपल्याच तोंडाचा राग आला. हे पाळण्याचे आपणांस का सुचू नये? एकाच मेजावर बसलो, एकाच गुरूचा मार खाल्ला, मग देवाने तिच्याच पदरात का घातले? ऐसे म्हणोन दात खात ते पुढे खेळो लागले.

आणि चौथ्या गडी त्यांस हवे ते सापडले. तेथे विहिरीकाठी एक खांब होता. त्याच्या डावीकडे उभे राहोन दिवा ठेविला तर सावली उलट पोरीवरच पडे, आणि पोर खांब व सावली यांच्या बेचक्यात अडके. पुढे जाता येईना, मागे सरता येईना, मरताही येईना. खेळ बंद करोन आरंभापासोन मांडावा, दुजा उपाय नाही. पंतांस पुत्र जाहल्याचा आनंद जाहला. पुन्हा पुन्हा पोर अडकवोन पाहिली, दर वेळी अडकली. मग मनात आले, हे दरबारी सांगावे तर मैनाबाई दुरुस्त करितील. न सांगावे तर भर जत्रेत, आईसाहेबांच्या हातून, सर्व रयतेसमक्ष अडकेल. त्या दिवशी पंतांनी दोन भाकऱ्या अधिक खाल्ल्या.

दरबार भरला तेव्हा पंत उभे राहोन दोष सांगो लागले. ओल्या दगडावर पोर हवी तितकी उडत नाही, घसरते. तिसऱ्या गडाचे संगीत तेच ते वाजोन कान किटतात. शेवटच्या गडी मागे पूर लागतो आणि नुसते धावावयाचे, डोके चालवणे राहोन जाते. कोड्याच्या खेळास हे शोभत नाही. महाराजांनी पुसिले, “आणि गुण?” पंत बोलिले, “बेताचे.” मैनाबाईंचा चेहरा उतरला. तरी त्या हात जोडोन बोलिल्या, “पंत म्हणतात ते सारे खरे आहे. संगीत बदलते, घसरणे काढते. पूर मात्र राहू द्यावा, तो मला आवडतो. आणखी काही नजरेस आले असेल तर तेही सांगा पंत, लाजू नका.” पंतांनी तिच्या डोळ्यांत पाहिले आणि म्हटले, “आणखी काही नाही.” शिक्का जाहला.

मग जत्रा भरली. मोठा पडदा उभारिला, खाली रयत दाटली, आणि आईसाहेब शालजोडी सावरीत चौकीवर बसल्या. वय जाहलेले, बोटे कापत, परंतु कोड्याची हौस तरुणास लाजवील ऐसी. पहिला गड घेतला तो टाळ्या. पुलावर पोर चालली तेव्हा लोक श्वास धरोन राहिले. पाळण्याची युक्ती आईसाहेबांस सुचली तेव्हा त्या लेकरासारख्या हसल्या आणि सारे मैदान हसले, आणि बाजूस उभे असलेले विसोपंत, त्यांच्याही नकळत, हसले. मग चौथा गड आला. पोर विहिरीकाठी आली आणि खांबाच्या डावीकडे उभी राहिली. पंतांनी मैनाबाईंकडे पाहिले. त्या ओठ दाबोन, मुठी वळोन, पोटची पोर तोलावर चालत असावी तैशा पाहत होत्या. आता सुख व्हावे ऐसी ती घटका, परंतु पंत एक पाऊल पुढे सरले. आईसाहेबांचे बोट बटणाकडे गेले, आणि पंत ओरडले, “दिवा ठेवू नका, आईसाहेब! आधी खांबाच्या उजवीकडे या, नाहीतर पोर अडकेल!”

आईसाहेबांनी बोट उचलिले. पोर उजवीकडे गेली, सावली नीट पडली, गड सर जाहला, आणि रयतेने जयघोष केला. परंतु मैनाबाई वळोन उभ्या राहिल्या होत्या. त्या हळूच बोलिल्या, “तुम्हांस ठाऊक होते.” महाराजांनीही ऐकिले. पुसिले, “पंत, हा दोष दरबारी का सांगितला नाही?” विसरलो म्हणावे ऐसे जिभेवर आले, परंतु निघाले ते भलतेच. “महाराज, हेवा वाटला. हा खेळ मी करावयास हवा होता.” “मग आज का ओरडला?” पंत बोलिले, “मोडताना पाहवेना. इतका चांगला आहे.”

महाराजांची मर्जी खप्पा जाहली, पारखीपद काढिले, हद्दपारीचा हुकूम सांगो लागले. तेव्हा मैनाबाई पुढे येवोन बोलिल्या, “महाराज, पंतांस घालवू नये. माझा खेळ इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही. पुढचा खेळ मी यांच्याकडेच देईन. पंत, पण या वेळी सगळे सांगा हो.” महाराजांनी मान्य केले. पंत खाली मान घालोन उभे राहिले. हद्दपारी त्यांनी सोसली असती, ही क्षमा सोसवेना. कारण एवढे मोठे मनही तिलाच दिले, आपणांस नाही, ऐसे त्यांस वाटले, आणि डोळ्यांत पाणी आले ते कशाचे, हे त्यांसही कळले नाही.

येणेप्रमाणे वर्तमान. सावलीच्या गडाचे गुण बहुत: न बोलता शिकवितो, न रागावता पाडितो, आणि उमगल्याचा आनंद खेळणाराचा खेळणारास देतो. दोष थोडके; खांब पुढे दुरुस्त जाहला, पूर आजही धावडवितो. मैनाबाई मुख्य खेळकर्त्या जाहल्या, विसोपंत त्यांचे हाताखाली राहोन उत्तम पारख करितात, आणि दर नव्या खेळाचे वेळी त्यांची दाढ ठणकते.